बार्ट कमिंग्ज : एका अश्वप्रशिक्षकाची प्रदीर्घ कारकीर्द – कौशल्य, काळ आणि भांडवल यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

घोड्यांच्या शर्यती हा विषय मराठी अभ्यासकांच्या कक्षेत सहसा जुगार, वसाहतकालीन करमणूक किंवा शहरातील मोकळ्या जागेचा प्रश्न या निमित्तानेच येतो. मुंबईचे महालक्ष्मी आणि पुण्याचे रेसकोर्स आपल्या परिचयाचे आहे. परंतु शर्यतीमागे उभा असलेला व्यवसाय, त्यातील श्रम आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान यांचा इतिहास म्हणून विचार क्वचितच होतो. वस्तुतः थरोब्रेड घोड्याला शर्यतीसाठी तयार करणे हा एक कारागिरीचा व्यवसाय आहे. कोणत्याही कारागिरीप्रमाणे त्यालाही बाजारपेठ, भांडवल, कुटुंबव्यवस्था आणि कालगती यांचे संदर्भ असतात.

प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियातील अश्वप्रशिक्षक जेम्स बार्थोलोम्यू तथा बार्ट कमिंग्ज (१९२७–२०१५) यांच्या कारकिर्दीचा या दृष्टीने आढावा घेतला आहे. त्यांनी प्रशिक्षित केलेल्या घोड्यांनी १९६५ ते २००८ या काळात मेलबर्न चषक ही ऑस्ट्रेलियातील सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत बारा वेळा जिंकली. या शर्यतीच्या इतिहासात त्यांच्या खालोखाल असणारे एतिएन द मेस्त्र आणि ली फ्रीडमन यांच्या नावावर प्रत्येकी पाच विजय आहेत. बारा आणि पाच यांतील हे अंतर केवळ दैवाने पडत नाही. ते कशाने पडले, आणि एवढ्या मोठ्या यशाच्या मध्यावर हाच प्रशिक्षक कर्जाच्या खाईत कसा गेला, हे दोन प्रश्न या लेखाच्या केंद्रस्थानी आहेत. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी, म्हणजे काळाकडे पाहण्याच्या दृष्टीत सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

मेलबर्न चषक : स्वरूप आणि पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलिया खंडात घोडा हा युरोपीय वसाहतीबरोबर आलेला प्राणी. एकोणिसाव्या शतकात तेथील घोडेपैदास इतकी वाढली की न्यू साउथ वेल्समधून ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करासाठी मोठ्या प्रमाणावर घोडे निर्यात होऊ लागले. त्या प्रांताच्या नावावरूनच या घोड्यांना ‘वेलर’ हे नाव पडले. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या बंदरांत उतरलेले वेलर घोडे घोडदळात आणि तोफखान्यात वापरले जात. म्हणजे आपल्या इतिहासाशीही या घोडेपैदाशीचा धागा जुळलेला आहे. ज्या समाजात घोडा हे शेती, वाहतूक आणि व्यापार यांचे साधन होते, त्या समाजात शर्यत ही सर्व थरांची करमणूक झाली यात नवल नाही.

मेलबर्न चषकाची पहिली शर्यत १८६१ मध्ये झाली. फ्लेमिंग्टन येथील मैदानावर नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी ती होते आणि त्या दिवशी मेलबर्न शहरात सार्वजनिक सुटी असते. पूर्वी दोन मैलांची असलेली ही शर्यत १९७२ पासून ३२०० मीटरची झाली. या शर्यतीची दोन वैशिष्ट्ये येथे ध्यानात घ्यावी लागतात. पहिले म्हणजे तिचे लांब अंतर. केवळ वेगाच्या बळावर ती जिंकता येत नाही. दम टिकवावा लागतो. दुसरे म्हणजे वजनाचा बोजा. चांगल्या घोड्याला अधिक आणि सामान्य घोड्याला कमी वजन वाहावे लागते, जेणेकरून सर्वांना जिंकण्याची संधी राहावी. त्यामुळे एखाद्या घोड्याने आधी मोठी कामगिरी केली की तिची किंमत त्याला चषकाच्या दिवशी पाठीवरच्या वजनाने मोजावी लागते. अशा परिस्थितीत प्रशिक्षकाचे खरे काम म्हणजे वर्षातील नेमक्या एका दिवशी घोडा आपल्या शक्तीच्या शिखरावर आणणे.

जडणघडण : पित्याची पागा

कमिंग्ज यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९२७ रोजी अ‍ॅडलेड येथे झाला. त्यांचे वडील जिम कमिंग्ज हे स्वतः नामांकित प्रशिक्षक होते. अ‍ॅडलेडजवळील ग्लेनेल्ग येथील पित्याच्या पागेतच बार्ट यांचे शिक्षण झाले. बालपणी डॉक्टरांनी त्यांना घोडे आणि वाळलेले गवत या दोहोंची अ‍ॅलर्जी असल्याचे निदान केले होते. तरीही त्यांनी पागा सोडली नाही.

१९५० मध्ये जिम कमिंग्ज यांच्या ‘कॉमिक कोर्ट’ या घोड्याने मेलबर्न चषक जिंकला. त्या वेळी या घोड्याचा मोतद्दार म्हणून बावीस वर्षांचे बार्ट काम करीत होते. ही बाब महत्त्वाची आहे. खरारा करणे, चंदी-वैरण देणे, पायांवरून हात फिरवून सूज वा उष्णता तपासणे, रपेटीनंतर घोड्याला हळूहळू चालवून थंड करणे ही मोतद्दाराची रोजची कामे होत. घोड्याची प्रकृती पुस्तकातून कळत नाही; ती हाताला आणि डोळ्याला कळते. कमिंग्ज यांचे पुढील सर्व यश या प्राथमिक शिक्षणावर उभे राहिले.

१९५३ मध्ये त्यांनी स्वतःचा प्रशिक्षक परवाना घेतला. पहिला महत्त्वाचा विजय मिळण्यास १९५८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ‘स्टॉर्मी पॅसेज’ने साउथ ऑस्ट्रेलियन डर्बी जिंकली. १९६१ मध्ये ‘सिल्डारा’ या घोड्याच्या कामगिरीतील तफावतीवरून शर्यत अधिकाऱ्यांनी त्यांच्यावर एक वर्षाची बंदी घातली. कारकिर्दीच्या आरंभी आलेला हा आघात लहान नव्हता. परंतु बंदी संपल्यानंतर चारच वर्षांत त्यांनी पहिला मेलबर्न चषक जिंकला. परवान्यापासून या विजयापर्यंत बारा वर्षे गेली होती.

प्रशिक्षणपद्धती : संयमाचे शास्त्र

कमिंग्ज यांच्या पद्धतीचा पहिला भाग म्हणजे निवड. दक्षिण गोलार्धात सर्व थरोब्रेड घोड्यांचे वय १ ऑगस्टपासून मोजले जाते आणि सुमारे दीड वर्षाची शिंगरे लिलावात विकली जातात. ज्या प्राण्याने अद्याप खोगीर पाहिलेले नाही, त्याची परीक्षा केवळ बांधा, चाल आणि वंशावळ यांवरून करावी लागते. कमिंग्ज यांची नजर प्रामुख्याने न्यूझीलंडकडे असे. तेथील कुरणांवर वाढलेल्या आणि सावकाश परिपक्व होणाऱ्या घोड्यांत लांब अंतराचा दम असतो, हे त्यांनी ओळखले होते. न्यूझीलंडमधील ‘ल फिलू’ या फ्रेंच वंशाच्या घोड्याची संतती त्यांनी विशेष पारखून घेतली. ‘लाइट फिंगर्स’, ‘रेड हँडेड’ आणि ‘बिग फिलू’ हे त्यांचे तीन गाजलेले घोडे याच एका पित्याचे होते.

दुसरा भाग म्हणजे वाट पाहणे. दोन वर्षांच्या घोड्यांसाठीही ऑस्ट्रेलियात मोठ्या बक्षिसांच्या शर्यती असतात. सिडनीतील १२०० मीटरची ‘गोल्डन स्लिपर’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. कमिंग्ज यांनी १९६६ मध्ये ‘स्टॉर्म क्वीन’च्या साहाय्याने ती जिंकली होती, म्हणजे लवकर फळ देणारा घोडा त्यांना वर्ज्य नव्हता. परंतु दूर पल्ल्याचा घोडा ही निराळी गोष्ट आहे. त्याची हाडे आणि स्नायू भरण्यास चार-पाच वर्षे लागतात. त्याला लवकर राबवले तर तो मोडतो. हा कालावधी मालकाला पटवून देणे हेही प्रशिक्षकाचेच काम असते, कारण या सर्व वर्षांत चंदीचा, जागेचा आणि मोतद्दाराच्या पगाराचा खर्च मालकाला चालूच ठेवावा लागतो.

तिसरा भाग म्हणजे मोजमाप. चषकापूर्वीच्या तयारीत घोड्याने प्रत्यक्ष शर्यतींमध्ये एकूण सुमारे १०,००० मीटर अंतर धावलेले असावे, हा त्यांचा नियम ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध आहे. या नियमाचा अर्थ असा की, पूर्वतयारीच्या शर्यती या त्यांच्या लेखी साध्य नसून साधन होत्या. त्यांत घोडा मागे पडला तरी त्यांना चिंता वाटत नसे. पैजा लावणाऱ्यांना प्रत्येक शर्यतीचा निकाल महत्त्वाचा वाटतो; प्रशिक्षकाला मात्र सर्व शर्यतींची साखळी दिसत असते.

विजयांचे टप्पे

कमिंग्ज यांचे बारा विजय काळाच्या पटावर मांडले असता त्यांचे चार टप्पे स्पष्ट दिसतात.

पहिला टप्पा १९६५ ते १९६७ या सलग तीन वर्षांचा. १९६५ मध्ये ‘लाइट फिंगर्स’ ही लहान चणीची घोडी कॉलफिल्ड चषकातील अपघातात जखमी झाली होती. तिला मोजक्या दिवसांत सावरून कमिंग्ज यांनी मेलबर्न चषकासाठी उभे केले आणि तिने आपल्याच पागेतील ‘झीमा’वर अगदी थोडक्या अंतराने मात केली. १९६६ मध्ये ‘गॅलिली’ने कॉलफिल्ड आणि मेलबर्न हे दोन्ही चषक जिंकले; दुसरी आली ती पुन्हा ‘लाइट फिंगर्स’. १९६७ चा विजय ‘रेड हँडेड’चा.

दुसरा टप्पा १९७४ ते १९७९ हा आहे. १९७४ आणि १९७५ अशी दोन्ही वर्षे ‘थिंक बिग’ने चषक जिंकला आणि दोन्ही वेळा दुसरे स्थानही कमिंग्ज यांच्याच घोड्यांना मिळाले. १९७७ मध्ये ‘गोल्ड अँड ब्लॅक’ने आणि १९७९ मध्ये, आधी इतर प्रशिक्षकांकडे राहून आलेल्या ‘हायपर्नो’ या लहरी घोड्याने विजय मिळवला. याच काळात व्यवसायाचा विस्तारही झाला. १९६८ मध्ये फ्लेमिंग्टन येथे आणि १९७५ मध्ये सिडनीतील रँडविक येथे त्यांच्या पागा सुरू झाल्या. एका हंगामात दहा लाख डॉलरांची बक्षिसे मिळवणारे ते ऑस्ट्रेलियातील पहिले प्रशिक्षक ठरले.

या दोन टप्प्यांच्या मधली एक घटना नोंदवणे आवश्यक आहे. १९६९ मध्ये ‘बिग फिलू’ हा चषकाचा प्रमुख दावेदार होता. शर्यतीच्या दिवशीच तो आजारी पडला आणि ऐन वेळी त्याचे नाव मागे घ्यावे लागले. त्याला तीव्र रेचक देण्यात आल्याचे तपासात आढळले. ज्या खेळाभोवती पैजांचा मोठा पैसा फिरतो, तेथे वर्षभराची कारागिरी एका रात्रीत कशी व्यर्थ जाऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

तिसरा टप्पा १९९० आणि १९९१ या दोन वर्षांचा (‘किंग्स्टन रूल’ आणि ‘लेट्स इलोप’), तर चौथा १९९६ ते २००८ या काळात विखुरलेला (‘सेंटली’, ‘रोगन जोश’ आणि ‘व्ह्यूड’). यांतील ‘रोगन जोश’ हे १९९९ च्या विजेत्याचे नाव भारतीय वाचकाचे लक्ष वेधून घेईल. काश्मिरी पाककृतीचे नाव मिरवणारा घोडा मेलबर्नमध्ये जिंकतो, ही गोष्ट बदलत्या ऑस्ट्रेलियन समाजाविषयीही काही सांगते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांमध्ये अकरा वर्षांची पोकळी आहे. १९८० ते १९८९ या दशकात कमिंग्ज यांना एकही मेलबर्न चषक मिळाला नाही. अन्य मोठे विजय त्यांना मिळत होते. १९८० चा कॉलफिल्ड चषक ‘मिंग डायनॅस्टी’ने जिंकला, १९८८ मध्ये ‘बो झॅम’ने ऑस्ट्रेलियन डर्बी मिळवली. तरीही या दशकाचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे, कारण याच दशकात घोडेबाजाराचे स्वरूप मुळापासून बदलले.

१९८९ चे अरिष्ट : दोन कालगतींचा संघर्ष

ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियातील वित्तव्यवस्था खुली झाली. सढळ हाताने मिळणारी कर्जे आणि करसवलती यांमुळे शिंगरे ही गुंतवणुकीची वस्तू बनली. अनेक गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन घोड्यांचे भाग घ्यावेत, अशा योजना निघाल्या. शिंगरांच्या किमती वाढत गेल्या. या योजनांसाठी १९८९ च्या लिलावांत कमिंग्ज यांनी फार मोठ्या रकमेची शिंगरे उधारीवर खरेदी केली. परंतु १९८७ च्या शेअर बाजारातील कोसळणीचे परिणाम तोवर खोलवर पोहोचले होते, व्याजाचे दर सतरा टक्क्यांच्या आसपास गेले होते आणि भाग घेणारे गुंतवणूकदार पुढे आले नाहीत. शिंगरे कमिंग्ज यांच्या गळ्यात पडली. ती पुन्हा लिलावात काढली असता मूळ किमतीच्या मानाने फारच थोडी रक्कम हाती आली. राहिलेले काही दशलक्ष डॉलरांचे ऋण त्यांच्या डोक्यावर बसले. त्यांनी दिवाळे काढले नाही. घेणेकऱ्यांशी तडजोड करून पुढील अनेक वर्षे ते फेडण्याचा मार्ग पत्करला.

या घटनेकडे केवळ व्यवहारातील चूक म्हणून पाहणे अपुरे ठरेल. येथे दोन भिन्न कालगतींचा संघर्ष झाला. प्रशिक्षकाच्या कारागिरीचा काळ घोड्याच्या हाडांनी ठरवलेला असतो; त्यात चार-पाच वर्षांना पर्याय नाही. सट्ट्याच्या भांडवलाचा काळ व्याजाच्या दराने ठरतो; त्याला पुढच्या तिमाहीत परतावा हवा असतो. घोड्याच्या बाबतीत आयुष्यभर वाट पाहण्याचे शास्त्र पाळणारा मनुष्य पैशाच्या बाबतीत मात्र वाट न पाहणाऱ्या व्यवस्थेत ओढला गेला. कमिंग्ज यांची पारख चुकली ती घोड्यांची नव्हे, तर बाजाराची.

याला एक प्रतिउदाहरणही त्यांच्याच कारकिर्दीत सापडते. मलेशियातील उद्योजक दातो टॅन चिन नाम हे ‘थिंक बिग’चे सहमालक होते, ‘सेंटली’मध्ये त्यांचा वाटा होता आणि ‘व्ह्यूड’ही त्यांचाच. १९७४ पासून २००८ पर्यंत, चौतीस वर्षे, या मालकाने याच प्रशिक्षकावर विश्वास ठेवला आणि त्याला चार चषक मिळाले. भांडवल तेथेही होतेच. परंतु ते घोड्याच्या गतीने चालण्यास तयार असलेले भांडवल होते.

अरिष्टानंतरच्या दोन वर्षांत कमिंग्ज यांनी लागोपाठ दोन चषक जिंकले. १९९० मध्ये ‘किंग्स्टन रूल’ने ३ मिनिटे १६.३ सेकंद असा नवा विक्रम नोंदवला. कर्ज फेडण्याचे एकच साधन त्यांच्याकडे उरले होते आणि ते म्हणजे त्यांचा हातचा व्यवसाय. १९९६ चा विजेता ‘सेंटली’ तर त्यांनी स्वतःच पैदा केलेला घोडा. त्याचा पिता ‘स्काय चेस’ हा ऐंशीच्या दशकात त्यांच्याच पागेत धावलेला होता. ज्या दशकाने त्यांना कर्ज दिले, त्याच दशकाने पुढच्या विजयाचे बीजही दिले होते.

नव्या स्पर्धेच्या युगात

१९९३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या ‘व्हिंटेज क्रॉप’ने मेलबर्न चषक जिंकला. उत्तर गोलार्धात प्रशिक्षित झालेल्या घोड्याचा हा पहिलाच विजय होता. विमानवाहतुकीमुळे जगातील उत्तम दमाचे घोडे फ्लेमिंग्टनला येऊ लागले आणि स्पर्धेचे स्वरूप बदलले. कमिंग्ज यांचे शेवटचे तिन्ही विजय या नव्या युगातले आहेत, हे विसरता येणार नाही. ४ नोव्हेंबर २००८ रोजी, वयाची एक्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास दहा दिवस असताना, त्यांच्या ‘व्ह्यूड’ने इंग्लंडहून आलेल्या ‘बाउअर’ला नाकभर अंतराने हरवले. आधीच्या शर्यतींत मागे पडलेल्या ‘व्ह्यूड’वर फार थोड्यांचा विश्वास होता.

जागतिक भांडवलाशी त्यांची अखेरची गाठ ‘सो यू थिंक’च्या निमित्ताने पडली. २००९ आणि २०१० अशी सलग दोन वर्षे कॉक्स प्लेट जिंकणारा हा घोडा २०१० च्या मेलबर्न चषकात तिसरा आला. त्यानंतर तो आयर्लंडमधील बड्या पैदास संस्थेला विकला गेला आणि पुढे तेथील प्रशिक्षकाकडे धावला. घोडा घडवणारा हात आणि घोड्यावर मालकी असणारा हात हे निराळे असतात, हे या व्यवहाराने पुन्हा दाखवून दिले.

२०१३ मध्ये कमिंग्ज यांनी नातू जेम्स यांना परवान्यात भागीदार करून घेतले. मुलगा अँथनी हेही प्रशिक्षकच होते. ३० ऑगस्ट २०१५ रोजी बार्ट कमिंग्ज यांचे निधन झाले आणि सिडनी येथे शासकीय इतमामात त्यांचा अंत्यविधी झाला. ‘गट १’ या सर्वोच्च श्रेणीतील २५० हून अधिक विजय त्यांच्या नावावर आहेत.

नोंदींबाहेरचे हात

शर्यतीच्या अधिकृत नोंदीत घोडा, मालक, जॉकी आणि प्रशिक्षक यांची नावे असतात. ज्याने पहाटे चार वाजता उठून घोड्याचे पाय पाहिले, त्या मोतद्दाराचे नाव सहसा नसते. १९५० च्या चषकाच्या नोंदीत प्रशिक्षक म्हणून जिम कमिंग्ज आहेत, बार्ट नाहीत. पुढे ते स्वतः विख्यात झाले म्हणूनच ‘कॉमिक कोर्ट’चा मोतद्दार कोण, हे आज आपल्याला ठाऊक आहे. १९६५ नंतरच्या बारा विजयांमागेही असेच अनेक हात होते. त्यांचा इतिहास लिहायचा तर पगारपत्रके, मौखिक आठवणी आणि छायाचित्रे यांकडे वळावे लागेल. महालक्ष्मी आणि पुणे येथील पागांत काम करणाऱ्या कुटुंबांबाबतही हेच म्हणता येईल.

तसेच घोड्याचा विचारही आवश्यक आहे. २०१४ च्या मेलबर्न चषकानंतर ‘अ‍ॅडमायर राक्ती’ आणि ‘अराल्डो’ हे दोन घोडे मरण पावले, आणि या खेळातील प्राण्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऑस्ट्रेलियात तीव्रतेने पुढे आला. घाई न करणे ही कमिंग्ज यांची पद्धत या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर नाही. परंतु घोड्याच्या शरीराची गती बाजाराच्या गतीहून निराळी आहे, हे तिचे मूळ तत्त्व या चर्चेत दुर्लक्षिता येणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, कमिंग्ज यांचे दीर्घकालीन यश पित्याच्या पागेत, मोतद्दारीतून मिळालेल्या हस्तगत ज्ञानावर आधारलेले होते. दोन, या ज्ञानाचे सार काळाच्या नियोजनात होते. घोडा निवडण्यापासून तो चषकाच्या दिवशी उभा करण्यापर्यंत वाट पाहणे हेच कौशल्य होते. तीन, हे कौशल्य स्वयंपूर्ण नव्हते; धीर धरणाऱ्या मालकाचे भांडवल लाभले तेथे ते फळास आले आणि सट्ट्याच्या भांडवलाशी बांधले गेले तेव्हा अडचणीत आले. चार, कारागिरी मात्र बाजाराबरोबर बुडाली नाही. अरिष्टानंतरचे पाच चषक हे त्याचे प्रमाण होय.

शिक्षणासह अनेक क्षेत्रांत आज अल्पमुदतीच्या फलिताची मागणी वाढत आहे. जे काम परिपक्व होण्यास वर्षे लागतात, त्याचे मूल्यमापन कोणत्या मुदतीत करावे, हा प्रश्न केवळ पागेपुरता राहिलेला नाही. एका अश्वप्रशिक्षकाच्या चरित्रातून हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे पुढे येतो, हेच अशा चरित्रांच्या अभ्यासाचे प्रयोजन म्हणता येईल.